डबा स्टीलचाच द्या

पत्र : ताई, मी मूळची नाशिकची. चार वर्षांपासून ओहायोत, कोलंबसजवळ राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो, मी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, म्हणजे नोकरीशिवाय घरीच. आमच्या ओळीत तीन घरं सोडून एक भूतानी नेपाळी कुटुंब आहे. घर त्यांचं स्वतःचं. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडं. मुलगा-सून गोदामात कामाला जातात, बहुतेक रात्रपाळी. आजी दुपारी पायरीवर एकट्याच बसलेल्या दिसायच्या. हे लोक निर्वासित म्हणून आलेत असं कळलं आणि मला राहवेना. मुलीचे लहान झालेले कपडे दिले, जुना मायक्रोवेव्ह दिला, दोन-तीनदा पुलाव आणि शिरा नेऊन दिला. परत करायची कटकट नको म्हणून प्लास्टिकच्या डब्यांतून. सून आधी हसून घ्यायची. मग एके दिवशी कपड्यांची पिशवी माझ्या दारात ठेवलेली दिसली, घडीही मोडली नव्हती. आता बेल वाजवली तर दार उघडत नाहीत. आजीही दिसेनाशा झाल्यात. नवरा म्हणतो, आपण स्वतः व्हिसावर आहोत, नसत्या फंदात पडू नकोस. मंडळातली मैत्रीण म्हणते, "त्यांना वर्षात ग्रीन कार्ड, आपण बारा वर्षं रांगेत. कसली दया करतेस त्यांची?" तिचं बोलणं मला लागलं आणि थोडं पटलंही, त्याची लाज वाटते. माझं काय चुकलं?
– एक नाशिककर

प्रिय नाशिककर,

तुमचं पत्र वाचताना मी त्या प्लास्टिकच्या डब्यापाशी अडकले. परत करायची कटकट नको, असं तुम्ही सहज लिहून गेलात. पण नाशिकला तुमच्या आईकडे शेजारणीची वाटी आली तर ती रिकामी परत जायची का? चिमूटभर साखर तरी घालून जायची. वाटी आली की परत काहीतरी द्यायची पाळी आपली. त्या येण्याजाण्यावर शेजार टिकतो. टाकून द्यायचा डबा देऊन तुम्ही त्या सूनबाईंची पाळीच काढून घेतलीत. त्यांना काही द्यायला वावच उरला नाही. तीन-चार वेळा नुसतं घेत राहायचं म्हटलं तर तुम्हाला-मलाही जड गेलं असतं. घडी न मोडलेली पिशवी दारात आली ती त्यामुळे, असं मला वाटतं. तुमच्या मनात खोट नव्हती, हे त्यांनाही कळलेलं असणार. एरवी माणूस पिशवी इतकी नीट ठेवून जात नाही.

दुसरी गोष्ट. तुम्ही चार वर्षांपूर्वी आलात. भूतानी नेपाळी लोकांचं अमेरिकेतलं पुनर्वसन २००८ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत जवळपास पूर्णही झालं. त्या कुटुंबाचं स्वतःचं घर आहे, दोघं कमावते आहेत. बहुधा ते तुमच्या आधी दहा-बारा वर्षं या देशात आले असतील. त्यांच्यातले काही जण अमेरिकेचे नागरिकही असतील. म्हणजे त्या ओळीत नवीन आहात तुम्ही. बर्फात गाडी कशी काढायची, शाळेचे फॉर्म कुठे भरायचे, पानं कधी गोळा करून ठेवायची, हे त्यांनी तुम्हाला सांगायचं. तुम्ही मात्र 'निर्वासित' हा शब्द ऐकलात आणि कालच विमानातून उतरलेल्या माणसांसाठी बांधतात तसं गाठोडं बांधलंत.

काल उतरलेल्या माणसांसाठी वेगळी व्यवस्था असते, तीही सांगते, म्हणजे तुमच्या जुन्या मायक्रोवेव्हला योग्य ठिकाण सापडेल. १९८० च्या निर्वासित कायद्यानुसार माणूस आला की पुनर्वसन संस्था त्याला विमानतळावर उतरवून घेते. राहायला घर, अंथरुणं, भांडी, पहिल्या रात्रीचं त्याच्या चवीचं गरम जेवण, सोशल सिक्युरिटी कार्ड, मुलांची शाळा, आरोग्य तपासणी, हे सगळं पहिल्या ९० दिवसांत करायचं असतं. विमानाचं तिकीट फुकट नसतं. ते बिनव्याजी कर्ज असतं आणि काही महिन्यांतच त्याचे हप्ते सुरू होतात. तुमच्या शहरात 'कम्युनिटी रेफ्युजी अँड इमिग्रेशन सर्व्हिसेस' आणि 'यूएस टुगेदर' या संस्था हे काम करत आल्या आहेत. पण जानेवारी २०२५ पासून येणाऱ्यांचा ओघच जवळजवळ थांबवला गेला. २०२४ या आर्थिक वर्षासाठी १,२५,००० माणसांची मर्यादा होती, २०२६ साठी ती ७,५०० वर आणली गेली. त्यामुळे आता काही करायचं असेल तर ते बहुतेक आधीच आलेल्यांसाठी करायचं आहे, आणि त्यांना मायक्रोवेव्हची गरज नाही.

कोलंबसबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथले कितीतरी भूतानी नेपाळी आधी दुसऱ्याच राज्यांत उतरले होते. भाऊ ओहायोत, मामा ओहायोत, घरं परवडणारी, गोदामांत काम, म्हणून ते स्वतःहून तिकडे आले. आपल्याकडे गावचा एक जण मुंबईत चाळीत खोली घेतो आणि मागोमाग निम्मं गाव येतं, तसंच. अशा दुसऱ्या स्थलांतरात विमानतळावर घ्यायला कुठली संस्था नसते, घ्यायला येतो तो भाऊच. त्यातूनच 'भूतानीज कम्युनिटी ऑफ सेंट्रल ओहायो'सारखी त्यांची स्वतःची संस्था उभी राहिली. त्यांच्या माणसांना काय हवं ते तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

आता ते दार न उघडण्याबद्दल. हे तुम्ही मनाला लावून घेतलंय, पण याचा तुमच्याशी संबंध असेलच असं नाही.

या माणसांची कहाणी कागदापासून सुरू होते. दक्षिण भूतानात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे हे नेपाळीभाषक लोक, ल्होत्शाम्पा. १९८५ च्या कायद्याने आणि १९८८ च्या जनगणनेने त्यांना सांगितलं की १९५८ साली तुम्ही इथेच होतात हे सिद्ध करा. सिद्ध कशाने करायचं? त्याच सालच्या शेतसाऱ्याच्या पावतीने. ज्यांच्याकडे आधीच्या किंवा नंतरच्या वर्षाची पावती होती, त्यांची ती चालली नाही. सातबाऱ्यावरचं एक नाव चुकलं तर तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागतात हे आपल्याला माहीत आहे. इथे एका पावतीवरून देश गेला. शाळेतून नेपाळी भाषा काढली, पोशाखाची सक्ती आली, १९९० मध्ये मोर्चे निघाले आणि मग लोकांना हाकलायला सुरुवात झाली. आसाम-बंगालच्या वाटेने, ट्रकमध्ये बसून लाखभर माणसं पूर्व नेपाळात, झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत पोचली. बांबूच्या झोपड्या. सतरा-अठरा वर्षं. सून त्या छावणीतच वाढली असणार, कदाचित जन्मलीही असेल. त्यानंतर आठ देशांनी मिळून लाखाहून जास्त माणसं घेतली, त्यांतली ९०,००० पेक्षा जास्त अमेरिकेने.

मला एक आजी भेटल्या होत्या. पत्ता विचारला की आधी छावणीचं नाव, मग सेक्टर, मग झोपडीचा नंबर सांगायच्या आणि शेवटी ओहायोतला रस्ता. आपल्या उल्हासनगरात सिंधी निर्वासितांची छावणी उठून पाऊणशे वर्षं झाली, तरी पत्ता अजून 'कॅम्प नंबर चार' असा सांगतात, त्याची आठवण झाली.

आणि २०२५ च्या मार्चपासून यातल्या काही जणांना अमेरिकेने पुन्हा भूतानला पाठवायला सुरुवात केली. ज्यांच्यावर जुने गुन्हे नोंदलेले होते आणि जे नागरिक झालेले नव्हते, असे लोक. भूतानने त्यांना ठेवून घेतलं नाही, दोन-चार दिवसांत सीमेवरून भारतात काढलं. काही जण पुन्हा नेपाळात, ज्या छावणीतून निघाले होते तिथेच पोचले, या खेपेला कुठल्याच देशाचे नसलेले. ही बातमी ओहायोतल्या आणि पेनसिल्व्हेनियातल्या प्रत्येक भूतानी घरात पोचली आहे. ज्यांना काही धोका नाही त्यांच्याही पोटात गोळा आला आहे. अशा दिवसांत न सांगता वाजलेल्या बेलला कोण दार उघडेल? त्यातून रात्रपाळी करून दिवसा झोपलेली माणसं. तेव्हा बेल वाजवणं बंद करा. फोन नंबर असेल तर आधी निरोप टाका, नसेल तर दाराशी चिठ्ठी ठेवा. आणि "तुमचे कागद झाले का हो?" हा प्रश्न कितीही काळजीपोटी आला तरी विचारू नका.

मैत्रिणीच्या बोलण्याकडे येते. तुम्हाला ते पटलं याची लाज वाटून घेऊ नका. दहा-बारा वर्षं रांगेत उभं राहणं म्हणजे काय असतं हे मी जवळून पाहिलंय: आई आजारी असताना, परतीसाठी व्हिसाचा शिक्का पुन्हा मिळेल की नाही या भीतीने भारतात न गेलेली माणसं, एकविसाव्या वर्षी व्हिसाबाहेर पडणारी मुलं. ते दुःख खरं आहे. पण ते ज्या कारणाने आलंय ते कारण तीन घरांपलीकडे राहत नाही. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० असतात आणि एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांच्या आसपासच येतील असा नियम आहे. भारतीयांची रांग त्या नियमामुळे लांबली. निर्वासितांची ग्रीन कार्डं या कोट्यात मोजलीच जात नाहीत. त्यांची खिडकीच वेगळी आहे. तुमच्या पुढचा एक नंबरही त्यांनी घेतलेला नाही. आणि त्यांना आल्यावर वर्षाने ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो हे बरोबर, पण त्याआधीची ती सतरा-अठरा वर्षं मैत्रिणीने मोजली नाहीत. पुढच्या वेळी विषय निघाला तर भांडू नका, एवढं मात्र सांगा.

तुमच्या यजमानांची भीती रास्त आहे, पण शेजारधर्माला व्हिसा लागत नाही. डबा देणं, आजींशी गप्पा मारणं, मुलांना आपल्या जेवणाच्या टेबलावर गणित शिकवणं याला कुणाची हरकत नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत बिनपगारी स्वयंसेवक होता येतं, फक्त ज्या जागेसाठी संस्था एरवी पगार देते ती जागा फुकट भरू नका. सूनबाईंनी कधी मुलं सांभाळायचे पैसे पुढे केले तर घेऊ नका. आणि इमिग्रेशनचा कुठलाही फॉर्म त्यांना भरून देऊ नका. ते वकिलाचं किंवा सरकारमान्य प्रतिनिधीचं काम आहे. एका चुकीच्या खुणेने त्यांचं किती नुकसान होईल याचा अंदाजही आपल्याला येत नाही.

मग तुमच्याकडे देण्यासारखं काय आहे? एक गोष्ट आहे, तुम्हाला तिचं महत्त्व लक्षात आलेलं नाही. तुम्हाला देवनागरी वाचता येते.

ओहायोत वाढलेल्या त्या नातवंडांना नेपाळी बोलता येत असेल, वाचता बहुधा येत नाही. आजींनी आणलेली पोथी, झापाहून नातेवाईकांचे आलेले निरोप, संस्थेची नेपाळी पत्रकं, हे घरात कोण वाचतं? मुलगा-सून दमून झोपलेले. तुम्ही हे मोठ्याने वाचू शकता. अर्थ निम्मा कळेल, पण आजींना पूर्ण कळेल. ओहायोतल्याच आमच्या अॅक्रनच्या नॉर्थ हिल भागात वृद्धांचा नागरिकत्वाचा वर्ग चालायचा, तिथे मी काही वर्षं जात होते. पहिल्या दिवशी मी फळ्याकडे बघून 'गऱ्यो' हा शब्द वाचला. आपल्या 'दऱ्या'मधला, 'साऱ्या'मधला हा अर्धा र हिंदीवाल्यांना सापडत नाही, नेपाळीत तो पावलोपावली आहे. मागच्या बाकावरचे एक आजोबा काठी टेकत उठून पुढे आले आणि "आमचं अक्षर तुला कसं येतं?" असं विचारत माझ्याच शेजारी बसले. त्या दिवसापासून त्यांची जागा ती.

अशा नागरिकत्वाच्या वर्गाबद्दल विचारायची हीच वेळ आहे. नागरिक न झालेल्या वृद्ध निर्वासितांना एसएसआय, म्हणजे गरजू वृद्धांसाठीचा सरकारी भत्ता, सातच वर्षं मिळतो. नागरिकत्वाच्या परीक्षेतलं इंग्रजी न जमल्यामुळे कितीतरी आजी-आजोबांचा तो बंद झाला. पण वय ५५ पूर्ण आणि ग्रीन कार्डला १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीची अट सुटते. नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा आपल्या भाषेत, दुभाष्यासोबत देता येते. निर्वासितांची ही वर्षं अमेरिकेत पाऊल ठेवल्याच्या दिवसापासून धरली जातात. म्हणजे २००९-१० मध्ये आलेल्यांची ती आत्ता भरली आहेत, आणि अनेक घरांना हे ठाऊकही नाही. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांतले २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. आजी-आजोबांचं नागरिकत्व झालंय की नाही हे तुम्ही विचारायचं नाही, हे वर सांगितलंच. ओळख वाढली की सूनबाईंना एवढंच म्हणा, "असा नियम आहे असं वाचलं, तुमच्या संस्थेत विचारून बघा." पुढे त्यांनी बोलावलं तर रोज दुपारी वीस मिनिटं बसून प्रश्न वाचून दाखवा. माझ्या वर्गात ते राष्ट्राध्यक्षांची नावं देवळातल्या आरतीच्या चालीवर पाठ करायचे, आणि राहायचीही लक्षात.

एका ठिकाणी मात्र थांबा. दवाखान्यात दुभाषी होऊ नका. मी झाले होते. एका आजींना नातू तपासायला घेऊन आला होता, माझी गाठ पडली, मी म्हटलं मला कळतं थोडं. आजी म्हणत होत्या "रिंगटा लाग्छ". मी कानात आवाज होतो असं सांगितलं, तिथल्या माणसानेही तेच लिहून घेतलं. रिंगटा म्हणजे चक्कर. त्या चार दिवसांनी स्वयंपाकघरात पडल्या, मनगट मोडलं. ते आठवलं की आजही मला बरं वाटत नाही. भाषा जवळची असली की अशीच फसवते: 'छाती पोल्यो' म्हणजे आपल्यासारखंच पोळतंय, पण 'जाडो' म्हणजे जाड नव्हे, थंडी. सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने दुभाषी मोफत द्यायचा असतो, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून तसं आहे. तो मागायचा. नातवाला आजीच्या आजाराची भाषांतरं करायला लावू नये आणि शेजारणीनेही करू नयेत. तुम्ही फक्त "दुभाषी मागा" एवढं सांगून गाडीने सोडा आणि आणा.

आजी दिसेनाशा झाल्या, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते माझ्या डोक्यातून जात नाही. थंडी असेल, गुडघे असतील. पण या समाजात आत्महत्यांचं प्रमाण इतकं वाढलं होतं की अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ मध्ये त्यावर अहवाल काढला. घरातली कर्ती माणसं कामावर, भाषा येत नाही, गाडी येत नाही, शेत नाही. छावणीत निदान दाराबाहेर शंभर ओळखीची माणसं होती. त्यांना छावणीबद्दल, भूतानबद्दल काही विचारू नका, सांगतील तेव्हा ऐका. वागण्यात काही फारच वेगळं वाटलं तर सूनबाईंशी सरळ बोला. ९८८ या नंबरवर दिवसरात्र माणूस असतो आणि दुभाषीही मागता येतो, हे ठाऊक असू द्या.

दसरा आला की आजींकडे टिका लावून घ्यायला जायचं का, हे त्यांच्याकडून आमंत्रण आलं तर. सगळे भूतानी हिंदू नसतात, बौद्ध, किरात, ख्रिस्तीही आहेत. घरात वर्षभराचं सुतक असलं की दसैं, म्हणजे त्यांचा दसरा, होत नाही. बोलावलं तर मात्र जा. तांदूळ-दह्याचा लाल टिका लावतील, कानाला जवाची कोवळी पाती लावतील, हातावर एक-दोन डॉलर ठेवतील. "अहो, नको नको" म्हणू नका. वडीलधाऱ्यांच्या हातचं आहे, वाकून घ्या. कोजागरीपर्यंत हा टिका चालतो, त्यामुळे त्या दिवशी जमलं नाही तरी उशीर झालेला नसतो.

आत्ता मात्र एवढंच करा. एक चिठ्ठी लिहा, देवनागरीत: "आमा, सञ्चै हुनुहुन्छ?" म्हणजे, आई, बऱ्या आहात ना. खाली तुमचा नंबर. सोबत स्टीलचा डबा, झाकणावर तुमचं नाव कोरलेला असेल तर उत्तमच; लग्नात आलेला असा एक तरी डबा तुम्ही नाशिकहून आणला असणारच. त्यात जास्त काही नको. चार लाडू पुरेत. आणि खाली एक विनंती लिहा, खरीखुरी: ओहायोच्या मातीत माझी मेथी उगवत नाही, तुमच्या अंगणात रायो (मोहरीची पालेभाजी) कसा येतो ते शिकवाल का? आजींनी शेती केलेली आहे. हे त्यांच्याइतकं तिथे दुसऱ्या कुणाला येत नाही.

डबा दारात ठेवा आणि निघून या. परत यायला आठवडा लागेल, कदाचित तीन. विचारायला जाऊ नका.

तुमची,
ताई